"समजतं सगळं, फक्त बोलत नाही": बालवर्गातल्या मुलांचं बोलणं

बालवाडीवाली

दर जूनला बालवर्गाच्या दारात हे वाक्य हमखास ऐकू येतं. "ताई, त्याला समजतं सगळं, फक्त बोलत नाही." बहुतेकदा ते खरंच असतं. 'बूट आण' म्हटलं की बूट येतो, 'आजी कुठंय' म्हटलं की मान आजीकडे वळते. समज पुढे आणि बोलणं मागे, हे सगळ्याच मुलांचं असतं. पण तीन वर्षांचा मुलगा हात धरून माठापाशी नेतो आणि आपण काही न बोलता पेला भरून देतो, तेव्हा त्याला तोंड उघडायची गरजच राहत नाही.

पुण्याजवळच्या एका गावात बालवर्ग चालवते. मुलं आपणहून बोलायला लागावीत म्हणून वर्गात कोण काय करतं, ते इथे एकत्र यावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपण लहान मुलांशी बोलतो कमी आणि त्यांची तोंडी परीक्षाच जास्त घेतो. "हा रंग कोणता? हा प्राणी कोणता? किती आहेत? काकांना पोएम म्हणून दाखव." उत्तर आपल्याला माहीत आहे, हे मुलालाही माहीत असतं. असल्या प्रश्नाला एका शब्दापलीकडे उत्तर कुठून येणार? पोएम तर काय, पाठ असते. घडाघडा पोएम म्हणणारी मुलं 'ताई, मला शू लागली' एवढं न सांगता आल्यामुळे चड्डी ओली करतात, हे बालवर्गात काम केलेल्या कुणालाही विचारा.

परवा एक मुलगा गुलमोहराची वाळकी शेंग घेऊन आला आणि म्हणाला, "हे." इथे 'हे काय आहे? रंग कोणता?' असं विचारलं असतं तर 'शेंग', 'काळा', खेळ खलास. मी म्हटलं, "अरे वा, केवढी लांब शेंग!" आणि गप्प बसले. मनात पाच आकडे मोजायची सवय मी लावून घेतली आहे. चारापर्यंत शांतता. मग त्याने शेंग हलवली आणि म्हणाला, "वाजते." "हो की, खुळखुळ वाजते. आत काहीतरी आहे वाटतं." पुन्हा थांबले. "बी आहे. फोडू? दगडाने फोडू?" एवढंच. त्याच्या एका शब्दात आपले दोन-तीन घालायचे, परत त्याच्याकडे द्यायचं आणि थांबायचं. यातलं थांबणंच सगळ्यात अवघड. आपल्याला शांतता सोसत नाही, लगेच आपणच उत्तर देऊन मोकळे होतो.

दुसरी गोष्ट, डब्याची सुट्टी. दिवसभरात बोलायला सर्वांत सुपीक वेळ हीच, आणि नेमकं तेव्हाच कित्येक शाळांत 'हाताची घडी, तोंडावर बोट' किंवा 'जेवताना बोलायचं नाही'. माझ्या वर्गात मी मुलांबरोबर चटईवर डबा घेऊन बसते. कुणाच्या डब्यात काय, कुणी केलं, भेंडी कुणाला आवडत नाही आणि का. 'का'ची उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

तिसरी, भातुकली आणि दुकान. एक मुलगी वर्गात कुणाशीही बोलत नव्हती, आम्हीही मागे लागलो नव्हतो. दुकानाच्या कोपऱ्यात तिला भाजीवाली व्हायला मिळालं. मी गिऱ्हाईक. "मेथी कशी दिली?" गप्प. "महाग दिसते बाई." गप्प. मी उठायला लागले तशी म्हणते, "दहाला दोन." मग कोथिंबीर फुकट मागितली. "नाही मिळणार. पैसे द्या आधी." एवढा ठसका इतके दिवस कुठे होता कोण जाणे! ती तिथे ती नव्हती, भाजीवाली होती, म्हणून जमलं.

तुमचे अनुभव लिहा. पालकांनीही लिहा.

उगाच_शंका

धागा छान. पण एक शंका. गरीब घरातल्या मुलांच्या कानावर तीन वर्षांत ३ कोटी शब्द कमी पडतात असं एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. मग मुलांशी अखंड बडबडत राहायला नको का? तुम्ही तर गप्प बसा म्हणताय.

श्रवणवाचा

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, म्हणून या शंकेला उत्तर देते. तो आकडा हार्ट आणि रिस्ली यांच्या १९९५च्या अमेरिकन अभ्यासातून आला. त्यात ४२ कुटुंबं होती आणि आकडा पुढचा हिशोब मांडून काढलेला होता. त्यावर नंतर बरीच टीका झाली. घरातल्या इतर माणसांचं, आजूबाजूचं बोलणं धरलं तर चित्र बदलतं, असं पुढच्या संशोधकांनी दाखवलं. आज भर कशावर आहे, तर मूल आणि मोठा माणूस यांच्यात किती वेळा आलटून पालटून बोलणं होतं, यावर. रेडिओसारखं चालू राहिलेलं बोलणं मुलाच्या कानावरून जातं. त्यामुळे बालवाडीवाली ताईंच्या पाच आकड्यांना माझा पाठिंबा.

एक भर घालते. मुलाची चूक दुरुस्त करताना 'असं नाही, असं म्हण' करू नका. आपल्या मराठीत मुलं किती छान चुका करतात बघा: 'बाबा येला', 'मी चित्र करलं', 'आजी जाली'. 'पळला', 'बसला' ऐकून त्यांनी नियम काढलेला असतो आणि तो 'येणे', 'करणे', 'जाणे' यांनाही लावून टाकलेला असतो. म्हणजे डोकं उत्तम चाललंय. आपण फक्त म्हणायचं, "हो, बाबा आला! लवकर आला आज." दिवसभर आईपाशी असणारे मुलगे 'मी जाते', 'मी जेवली' म्हणतात त्याचंही तेच. 'जाते काय, मुलगी आहेस का?' म्हणून हसू नका. "हो, तू जेवलास," एवढं पुरे. हळूहळू आपोआप सुटतं.

वाईचे_नाना

आमच्या वेळी कोणी मनात आकडे मोजले नव्हते आणि आम्ही बोललो. जरा जास्तच बोललो असं सौ. म्हणते. हल्ली प्रत्येक गोष्टीचं तंत्र झालंय.

बालवाडीवाली

नाना, तुमच्या वेळी वाड्यात किती माणसं होती? दळण टाकायला, किराणा आणायला, शेजारी निरोप सांगायला कोण जायचं? 'काकूला सांग, आईने विरजण मागितलंय.' हे पाच शब्द जपत पलीकडच्या घरी पोचवायचे, यापेक्षा मोठा भाषेचा तास नाही. आता दार बंद, आई-बाबा कामावर, सांभाळायला येणाऱ्या मावशी आपल्या कामात. तंत्र म्हणा हवं तर, पण तुम्हाला जे फुकटात मिळालं ते आता ठरवून द्यावं लागतंय.

वाईचे_नाना

हे मात्र पटलं. विरजणाचा निरोप सांगायला गेलो की तिथे लाडू मिळायचा, हेही लिहून ठेवा.

इंदूरकरीण

मी जरा काळजीतच लिहितेय. मुलगा तीन वर्षं चार महिन्यांचा. घरी आम्ही मराठी, खाली खेळायला हिंदी, प्ले स्कूलमध्ये हिंदी-इंग्लिश. घरी अखंड बडबड असते. आजीला गोष्ट सांगतो, माझ्याशी भांडतो. शाळेत मात्र सुरुवातीपासून एक शब्द नाही, मान हलवतो नुसता. मॅडम म्हणाल्या, तीन भाषांनी गोंधळ होतोय, घरी मराठी बंद करा आणि इंग्लिशच बोला. सासूबाईंना इंग्लिश येत नाही. त्या म्हणाल्या, मग मी काय नातवाशी खुणांनी बोलू? काय करावं?

श्रवणवाचा

मराठी बंद करू नका. हे ठळक अक्षरांत वाचा. दोन-तीन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं किंवा भाषेचा दोष निर्माण होतो, असं संशोधनात दिसत नाही. भारतात कितीतरी मुलं अशीच वाढतात. शब्द मोजायचे झाले तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. 'पानी', 'पाणी', 'वॉटर' येत असेल तर खात्यावर तिन्ही जमा. आणि ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गोष्ट सांगता ती काढून मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागलात, तर घरातलं बोलणंच आटतं.

घरी मराठीत गोष्ट सांगतो, भांडतो म्हणजे भाषा उभी आहे. नव्या भाषेच्या शाळेत काही महिने गप्प राहून ऐकत बसणारी मुलं पुष्कळ असतात, तो काळ बहुतेकांचा आपोआप सरतो. एक गोष्ट मात्र बघा: शाळेत खेळतो का, इतर मुलांजवळ जातो का, खुणेने मागतो का, की अंग आखडून उभा राहतो? ठरावीक ठिकाणीच अजिबात न बोलणं हा भीतीशी जोडलेला वेगळा प्रकारही असतो. पहिला महिना सोडून पुढेही तसंच चाललं तर त्याचा विचार करतात. नवी भाषा शिकणाऱ्या मुलाबाबत मात्र आणखी धीर धरतात. शाळेत ताठरलेला दिसत असेल तर एकदा दाखवा. तोवर 'बोल ना, बोल ना, बोललास तर चॉकलेट' हे दोन्हीकडे बंद.

श्टुटगार्टहून

+१. मुलीची तिसऱ्या वर्षाची तपासणी (इथे तिला यू७अ म्हणतात) झाली तेव्हा जर्मन डॉक्टरांनी आधी विचारलं, घरी कोणती भाषा? मराठी म्हटल्यावर म्हणाले, तीच भरपूर बोला, जर्मन आम्ही बघतो. आता ती मला जर्मनमध्ये उत्तरं देते आणि मी तिला मराठीत. लोकलमध्ये लोक वळून बघतात. पण 'बाबा, मला कंटाळा आलाय' हे शुद्ध मराठीत येतं, कारण कंटाळ्याला पर्याय नाही.

पाड्यावरची

डहाणू तालुक्यात अंगणवाड्यांच्या कामात आहे. इंदूरकरीण ताईंचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे, फक्त भाषा वेगळ्या. मुलं घरी वारली बोलतात, अंगणवाडीत पुस्तकी मराठी. बाहेरगावची सेविका असली की मुलं मुकी, पाड्यातलीच असली की कानठळ्या. पोरं तीच!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं ते याच भागात. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यात नेली, अंगणात. साधनं शहरातून न आणता बिया, शेंगा, पानं, शिंपले, माती यांचीच केली. बोलायला विषय मुलाच्या ओळखीचा हवा, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आता पेटीभर प्लॅस्टिकचे प्राणी येतात, त्यात झेब्रा असतो. झेब्र्याबद्दल आमचं पोर काय बोलणार? खेकडा दाखवा, मग बघा. कुठल्या ओढ्याला, कुठल्या दगडाखाली, कसा धरायचा, कुणाला चावला, सगळं निघतं.

पण बालवाडीवाली ताई, चटईवर डबा घेऊन बसायला तुमच्याकडे किती मुलं? आमच्या सेविकेकडे पंचवीस-तीस, मदतनीस स्वयंपाकात, आणि वजनं, लसीकरणाच्या याद्या, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरणं वेगळंच. सगळ्यांना गोलात बसवून 'काल काय केलं सांगा' म्हटलं की तीच चार पोरं बोलतात.

बालवाडीवाली

मोठा गोल मीही सोडून दिला. पंचवीस मुलांच्या गोलात एकेकाची पाळी येईपर्यंत बाकीची चुळबूळ करतात, आणि ज्याला बोलायची सर्वांत जास्त गरज आहे तोच शेवटी 'मी पण' म्हणून सुटतो. मी चार-पाच जणांचा गट घेते, बाकीची मुक्त खेळात. दिवसाला एकच गट, आठवड्यात सगळे होतात. पोतडीत घरातली एक वस्तू असते: कधी आडकित्ता, कधी सोऱ्या, कधी किसणी. डोळे मिटून हात घालायचा आणि हाताला काय लागतं ते सांगायचं. 'टोचतंय', 'गार आहे', 'भोकं भोकं आहेत'. नाव कुणी सांगायचं नाही. नाव सांगितलं की बोलणं संपतं, म्हणून ते शेवटी.

तुमच्याकडे सेविकेला एवढंही जमत नसेल तर हात धुवायची रांग वापरायला सांगा. नाही तरी प्रत्येक पोर एकेकटं तिच्यासमोर येतंच. तेवढ्यात एक वाक्य त्याच्याशी, फक्त त्याच्याशी. आणि वारली येत नसेल तर मदतनीस बाईंना गोष्ट सांगायला बसवा, खिचडी शिजेस्तोवर.

पाड्यावरची

मदतनीस बाईंनी गोष्ट सांगायची, हे आवडलं. त्या सगळ्या पाड्यातल्याच असतात. मासिक बैठकीत मांडते.

चिंचगूळ

गोष्टींचा विषय निघालाय म्हणून. नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा मुलाला बोलतं करत वाचलं तर बोलण्यात जास्त फरक पडतो, असं व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये दाखवलं होतं. पण आपल्या आज्या हे आधीपासून करत होत्याच की. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळा दार वाजवतो, चिमणी म्हणते, "थांब, माझ्या बाळाला..." आणि आजी इथे थांबते. पोरगं म्हणतं, "अंघोळ घालू दे!" पुढे तीट, मग काजळ, मग अंगडं. तीन दिवसांनी पोरगं आपल्या मनाचं घालतं. माझ्या भाचीची चिमणी बाळाला डायपर घालते आणि मग ऑफिसला जाते. कावळा बिचारा पावसात.

मराठी चित्रगोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. आधी मजकूर झाकून चित्रावरच बोला.

उगाच_शंका

आता खरी शंका. भाऊ म्हणतो, मुलगा कार्टून बघून फाडफाड हिंदी शिकला, आणि तुम्ही मोबाइलला नावं ठेवता. 'रुको, मैं तुम्हें छोडूंगा नहीं' म्हणत घरभर फिरतो. वय तीन.

श्रवणवाचा

त्याला तहान लागली की तो काय म्हणतो, ते भावाला विचारा. ऐकलेली अख्खी वाक्यं जशीच्या तशी म्हणणं आणि स्वतःची गरज, राग, गंमत स्वतःच्या शब्दांत माणसाला सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भरपूर आणि दुसरी जवळजवळ नाही, शिवाय हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवून 'ते बघ' करत नाही, असं असेल तर वाट न बघता विकासाची तपासणी करून घ्या. दोन्ही भरपूर असेल तर कार्टूनची हिंदी ही गंमत आहे, असू द्या. पडद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या आत, जितका कमी तितका बरा. मुद्दा साधा आहे, कार्टून तुमच्या मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

आता कधी थांबायचं नाही, ते लिहूनच टाकते, कारण या धाग्यावर धीर धरा, धीर धरा फार झालं. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि 'दूध दे', 'बाबा गेला' अशी दोन शब्दांची जोडी साधारण अपेक्षित. तीनपर्यंत छोटी वाक्यं, आणि परक्या माणसालाही बरंचसं कळावं. चारपर्यंत काय घडलं ते सांगता यावं. यात मागेपुढे होतं, पण फार मागे असेल तर दाखवा. आणि आलेले शब्द गेले, तर वय काहीही असो, लगेच.

पहिली तपासणी कानांची. दार वाजलं की वळतो म्हणजे ऐकू येतं, असं नसतं. सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं, तेव्हा आवाज येतो पण शब्द धड कळत नाहीत. बालवर्गातली 'दुर्लक्ष करणारी' मुलं कधीकधी हीच असतात. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का विचारा, लाजू नका. खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत येतं, ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथे मोफत असतं.

आणि जिभेला वेखंड उगाळून लावणं, पोपटाचं उष्टं खायला देणं, 'जीभ जड आहे', 'मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिरा बोलला'. यात वर्ष-दोन वर्षं जातात आणि तीच वर्षं सर्वांत कामाची असतात. वेखंड मधातून देत असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे, हेही ऐकून ठेवा. जीभ खाली चिकटलेली असेल तर काही उच्चारांना अडचण होऊ शकते, पण त्यामुळे मूल बोलायचंच थांबत नाही. उलट 'काकू'ला 'तातू' म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला धरून आणायचीही गरज नाही. 'र'ला तर अजून पुष्कळ अवकाश आहे.

वाईचे_नाना

पोपटाचा उष्टा पेरू मी खाल्ला आहे. परिणाम वर दिसतोच आहे.

इंदूरकरीण

सगळ्यांचे आभार. काल लपून बघितलं. शाळेत खेळतो, धावतो, एका मुलाशी गाडी गाडी पण खेळत होता, तोंडाने 'भुर्रर्र' चालू होतं. फक्त मॅडम जवळ आल्या की बंद. सर्दी मात्र याला कायम असते, त्यामुळे कान तपासायची वेळ घेतली आहे. पण मॅडमना काय सांगू? त्या वाईट नाहीत, त्यांना खरंच वाटतंय की मराठीमुळे होतंय.

बालवाडीवाली

कान तपासताय ते उत्तम. मॅडमशी वाद घालू नका, काम द्या. असं सांगा: घरची भाषा आम्ही चालू ठेवतोय, वाचा-तज्ज्ञांनीही तसंच सांगितलंय. तुम्ही फक्त त्याला दिवसभर 'बोल' म्हणू नका आणि सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका. त्याच्या गाड्यांच्या खेळात शेजारी बसा, तुमचीही एक गाडी चालवा आणि तुम्ही काय करताय ते स्वतःशीच बोला. त्याने मान हलवली तरी उत्तर मिळालं असं धरा. आणि 'शू', 'पाणी', 'दुखतंय' हे त्याला मराठीत सांगायची मुभा द्या. हे तीन शब्द त्यांना कागदावर लिहून द्या. हिंदीतून फार लांब नाहीत, समजतील.

घरी खेळतो त्यातली एखादी गाडी शाळेत न्यायची परवानगी मिळते का, तेही विचारून बघा.

इंदूरकरीण

गाडीचं विचारते. पिवळा डंपर नेईल, त्याच्याशिवाय तो झोपतही नाही. सोमवारी भेट आहे, काय होतं ते इथेच लिहीन.

पाड्यावरची

जरूर लिहा. आणि श्रवणवाचा, कानात पाणी साचतं ते आमच्या सेविकांना कळेल असं चार ओळींत लिहून द्याल का? पावसाळ्यात आमच्याकडे निम्म्या पोरांची नाकं गळत असतात. बैठकीत वाचून दाखवते.

श्रवणवाचा

देते. उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकते. कान फुटून वाहतो त्याचंही त्यातच लिहिते, कारण तेल घालण्याबद्दल वेगळं सांगावं लागेल.